पूर्वेकडे फिरवलेलं यंत्र

अण्णा, आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं, कारण दोन दिवसांनी पोटभर जेवले. जालन्याच्या बियाण्यांच्या प्रयोगशाळेत माझ्या ताब्यात एक सूक्ष्मदर्शक आहे. त्यात लेसरचा किरण दोन आरशांवरून वळतो, बियाण्यावर पडतो, आणि परतणारा प्रकाश एका बारीक छिद्रातून नेमका गेला तरच पडद्यावर पेशी दिसतात. खंडेनवमीला आम्ही त्याची पूजा केली. त्याचं तोंड दक्षिणेला होतं, ते मला काही पटेना. मीच म्हटलं, "मामा, जरा टेबल धरा, पूर्वेला फिरवू." शिपाईमामांनी बिचाऱ्यांनी जोर लावला. हळदकुंकू झालं, पेढे झाले, आणि दसऱ्यानंतर पाहते तर पडदा काळाकुट्ट; धक्क्याने आरसे हलले होते.

साहेब मामांवरच घसरले. "हात लावायला कुणी सांगितलं होतं?" मामा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "चुकलं साहेब, ध्यानात न्हाई राह्यलं." मी तिथेच उभी होते, मुकाट. मग दोन दिवस किरणाच्या वाटेत आळीपाळीने जवळ आणि दूर कागद धरून आरशांचे स्क्रू पिळत बसले. जवळच्या कागदावरचा ठिपका मधोमध आणावा, तर दूरच्या कागदावरचा पळालेला. तेव्हा हसनाबादची मोजणी आठवली. तुम्ही सरकारी मोजणीदार, आणि सुट्टीत जवळची आणि दूरची झेंडी एका ओळीत दिसते का ते पाहून हाताने खूण करायला मी. शेताच्या पल्याडून तुम्ही ओरडताय, "जवळचीच पाहून काय हात हालवून राह्यली गं? दूरची बी बराबर दिसू दे! जल्दी न्हाई करायची!" मी रडवेली झालेले, मनात तुमच्यावर भयंकर चिडलेले. पण आता आरशांशी तसंच केलं. पहिल्या आरशाने जवळचा ठिपका, दुसऱ्याने दूरचा, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. आज दुपारी पडद्यावर पेशी हिरव्यागार उमटल्या आणि मी खुर्चीत मटकन बसून एकटीच हसत सुटले. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तशीच उठून साहेबांकडे गेले. यंत्र फिरवायला मीच लावलं, म्हटलं. "मग दोन दिवस तोंड शिवलं होतं का?" एवढंच बोलले, आणि ते खरंच होतं. मामांची माफी मागितली, तर ते उलट मलाच समजावतात, "जाऊ द्या बाई. मला ठावं होतं, तुम्ही सांगताल."

त्यांना ठाऊक होतं, अण्णा. मला नव्हतं. किरण जुळला नसता तर मी साहेबांच्या दारापर्यंत गेले असते का, मला सांगता येत नाही. मामांना हे सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.