अण्णांच्या श्रद्धांजलीला गेलेली लाइट

१२ मार्च २००७, मंचर
दीड महिना वहीला हात लावला नाही. कामाचं निमित्त, खरं म्हणजे कंटाळा. आज नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

पतसंस्थेचा नवा हॉल. तिथं मी आणि दुकानमालक बबनभाऊंनी (पुढं ब.भा. लिहितो, पेन संपत आलंय) छताला पांढऱ्या डब्या बसवल्या. माणूस हलला की डबीच्या डोळ्याला कळतं, लाइट लागते. कुणी हललं नाही की थोड्या वेळानं आपोआप बंद. बटणं बंद करायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून. हे नीट चाललं तर वरच्या दोन मजल्यांचं कामही आपलंच.

जुने चेअरमन अण्णा, त्यांना जाऊन महिना झाला. हॉलमधला पहिलाच कार्यक्रम त्यांची श्रद्धांजली. संध्याकाळी सात. मॅनेजर म्हणाले, दोन मिनिटं उभे राहू. पन्नासेक माणसं खांबासारखी. कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि टक्. सगळा हॉल काळाकुट्ट.

लोडशेडिंग म्हणावं तर पंखे चालू.

पुढून ताराकाकींचा आवाज. अण्णांच्या मंडळी. अगदी हळू.
"आले. बटन बंद केल्याबिगर कुठल्या खोलीतनं गेलेत का ते कधी?"

कुणीतरी हुंदका दिला, पदर हलला असंल, लाइट आली. दिवेलागणीला जोडतात तसे सगळ्यांनी हात जोडले. मीपण.

१३ मार्च
आंघोळ करताना आठवलं. तांब्या हातातच राहिला.

लाइट किती वेळानं बंद व्हायची ते ठरवणारे डब्यांचे स्क्रू शनिवारी टेस्टिंगला मी एक मिनिटावर ठेवले होते. दहा मिनिटं कोण वाट बघत बसणार. नंतर दहावर करायचे होते. तेवढ्यात खाली ओळखीचा टेम्पो, मढला चाललेला. चल म्हणाला, बसलो. तिथनं माळशेज. रविवारी परत. स्क्रू तिथंच.

ब.भा. ना सांगितलं. बशी तोंडाला लावली होती ती खाली ठेवली. कुणाला बोलू नको म्हणाले. वरचं काम गेलं तर तूपण गेलास.

१५ मार्च
स्क्रू फिरवायला गेलो तर हॉल अंधारात, क्लार्क खिडकीशी वह्या घेऊन. शिपाई नामा शिडीवर चढून डब्यांना हार घालून आलाय. वर कुंकवाचं बोट, ते नेमकं डोळ्यावर. त्याला दिसंल काय कप्पाळ!
"सकाळपासनं लागंना. अण्णा रुसलेत राव," नामा म्हणतो.

तो चहाला गेल्यावर बाहीनं कुंकू पुसलं. लाइट लागली. क्लार्क उठून उभा, हात जोडून. सगळे स्क्रू दहावर केले. एरवी हसून लोळलो असतो. हसू आलंच नाही.

१६ मार्च
नामाकडनं कळलं. काकी लेकीकडं चाकणला कायमच्या जाणार होत्या. सामान बांधून तयार. लेक न्यायला आली तर म्हणाल्या, "त्ये हितं हायेत. मी कशी येऊ?" लेक रडत एकटीच परत गेली. काकींचे गुडघे धरलेले, घरात दुसरं माणूस नाही.

एका स्क्रूपायी.

ब.भा. ना म्हणालो, उद्या जाऊन काकींना खरं सांगणार. लई वेळ वायर गुंडाळत बसले.
"जा. पन मग परत हितं येऊ नको."

निमगाव सावा सोडल्यापासून चार कामं धरली न् सोडली. हे पहिलंच, की सकाळी उठून जावंसं वाटतं. तरी जाणार.

१७ मार्च
सकाळ. धुतलेला शर्ट घातलाय. दुकानात मागं बसून काय बोलायचं ते लिहितोय. काकी, त्या दिवशी लाइट गेली ती... पुढं येत नाही. खोडलं. काकी, अण्णा नव्हते ते... हेपण खोडलं.

पुढं काउंटरवर कोणतरी आलंय. ब.भा. स्टूल पुसतायत.

ताराकाकी. एकट्याच, काठी टेकत. डबी बसवणारा पोरगा कोण, विचारतायत. तसली एक घरी पाहिजे म्हणे. माजघरात, अण्णांच्या खुर्चीच्या बरोबर वर.

ब.भा. माझ्याकडं बघतायत.