उलंगवाडी आणि उलंग

३ फेब्रुवारी, अमरावती

आज काय झालं ते आधी लिहून ठेवते.

१. अकोल्यात 'उलंग' नावाची ज्वारीची बिअर आली. आमची 'उलंगवाडी' दोन वर्षांपासून आहे. तीही ज्वारीचीच; ती मी बनवते.
२. त्यांचंही लेबल पिवळं. आमच्यावर बैलजोडी, त्यांच्यावर कापसाचं बोंड.
३. शेठनी, म्हणजे ओमप्रकाशजींनी, वकिलांना बोलावलं. नाव थांबवण्यासाठी दावा लावायचा.
४. वकिलांनी विचारलं, गिऱ्हाईक फसल्याचं उदाहरण आहे का? नव्हतं.
५. 'उलंग' बनवते संध्या. कॉलेजात माझ्याच वर्गातली. हे मी कोणाला सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी

बिअरची जाहिरात करता येत नाही, म्हणून आम्ही त्याच नावाचा सोडा काढला आणि रस्त्यारस्त्यांवर सोड्याचे फलक लावले. शेठचा राग तिथे आहे. "फलक माहे, अन् गिऱ्हाईक त्याईच्या दुकानात!"

नाव मी सुचवलं होतं. उलंगवाडी म्हणजे कापसाचा शेवटचा वेचा उरकल्यावरचं ते मोकळेपण. तरी मला नावाचं तेवढं नाही. संध्या प्रॅक्टिकलला माझ्या टेबलाशी उभी राहून माझे आकडे उतरवायची. आता तिच्याकडे चार टाक्या आहेत म्हणे. माझ्याकडे दोन.

८ फेब्रुवारी

बार्शीटाकळीहून धर्मेंद्रदादाचा फोन. दोन वर्षं माझी बिअर पितो आणि तोंड वाकडं करतो — "याच्यापेक्षा खोकल्याचं औषध बरं." आज म्हणाला, "प्रियू, या खेपीले जमली तुले. घशाले लागतच नाही. दोस्ताईलेही पाजली. माह्या बहिणीनं केली म्हणून सांगतलं."

बरं वाटत होतं. मग विचारलं, लेबलवर काय आहे?

"बोंड आहे ना कापसाचं. कावून?"

९ फेब्रुवारी

वकिलांना सांगितलं. फार खूश झाले. "हेच पाहिजे होतं, मॅडम. भावाचं प्रतिज्ञापत्र घेऊ." माझंही हवं: त्यांचा माल हलका, त्यामुळे आमच्या नावाला बट्टा लागतो.

"लिहून दे न पोरी," शेठ म्हणाले. "दोन वाक्यं तर आहेत."

मी म्हटलं, आधी तपासते.

११ फेब्रुवारी, अकोला

बसस्टँडजवळच्या दुकानातून 'उलंग'च्या बाटल्या घेतल्या. दुकानदार म्हणाला, "चांगली हाय ताई, लवकर सरते." मी विचारलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी, अमरावती

प्रयोगशाळेत दोन्ही ग्लास शेजारी ठेवले. रंग सारखा. मद्यांश जवळपास तेवढाच. फेस तिचा जास्त टिकला.

मग प्यायले.

माझ्या बिअरमध्ये मागे एक तुरटपणा राहतो. मी पाणी बदललं, दाणा बदलला, तापमान उतरवलं. गेला नाही. तिच्यात तो नाहीच. ज्वारीची गोडी शेवटच्या घोटापर्यंत येते.

बाटली खराब निघावी असं मला वाटत होतं. दुसरी उघडली. तशीच.

१३ फेब्रुवारी

हेवा वाटतो. मोजता येत नाही, पण बराच.

१४ फेब्रुवारी

प्रतिज्ञापत्रात नाव आमचं आधीचं, एवढं लिहून सही केली. ते खरं आहे. हलक्या मालाचं वाक्य खोडलं.

"तू आपल्या बाजूनं आहे का त्याईच्या?" शेठ.

"नावाच्या बाबतीत आपल्या."

"अन् बाकी?"

मी कागद वकिलांकडे सरकवला. वकील म्हणाले, चालेल, नावावरच जिंकू. 'उलंग' बाजारातून उठेल. शेठनी सगळ्यांना चहा सांगितला. मी घेतला नाही.

१६ फेब्रुवारी

संध्याला पाठवलं ते असं:

"संध्या, नाव तुम्हाला सोडावं लागेल. बिअर सोडू नको, दुसरं नाव घाल. तुझी माझ्यापेक्षा चांगली झाली आहे. मी इथला राजीनामा आज दिला. तुझ्याकडे जागा असेल तर तुझ्या हाताखाली काम करायला येते. २० तारखेपर्यंत कळव. — प्रियदर्शनी"