घूस बांधात होती

प्रिय दत्तू,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणे मला नेहमीच निरर्थक वाटत आले. आज लिहितो आहे, कारण ज्याच्यापाशी हे कबूल करावे असा दुसरा कोणी उरला नाही. तुझ्या सागरला शौचावाटे रक्त पडते आहे.

दोन महिने झाले! आज सकाळी शेवंतीच्या वाफ्यापाशी तुझ्या सुनेने मला अडवले. "अण्णा, तुमचंच तेवढं ऐकतील ते." सागर क्रेटमध्ये फुले भरत होता. मी विचारले, तर हात न थांबवता म्हणाला, "काय नाय अण्णा, मूळव्याध हे. सुरण खातोय, ताक पितोय, बाबांचं चूर्ण घेतोय."

"तुला कोणी सांगितलं मूळव्याध आहे?"

"तुम्हीच. बाबांना नव्हतं का सांगितलं?"

दत्तू, मी आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, त्यासाठी सरपण ओले असावे लागते. किती वर्गांना हे समजावले! आणि तू मान खाली घालून रक्ताचे सांगितलेस, तेव्हा मी काय केले? आपल्या वडिलांना मूळव्याध होती, त्यांना रक्त पडे; तुला रक्त पडते; सबब तुला मूळव्याध. पहिल्या वर्षाच्या मुलाने असे लिहिले असते, तर मी त्याला शून्य दिले असते. तुला मात्र चूर्णाचा डबा आणून दिला.

आठ महिने तू ते चूर्ण निमूटपणे घेतलेस. का रे? एकदा तरी "अण्णा, तुमचं चुकतंय" म्हणायचे होतेस! पण आपल्या घरात थोरल्याच्या शब्दापुढे बोलायचे नाही ही रीत. आणि ती मोडू न देणारा मीच.

मग मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला, यकृतापर्यंत गेलेला. मी पुस्तके उघडली. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागा, असतात; वाढीचा संदेश आणणारा घटक तिथे येऊन चिकटला, की आत आज्ञा जाते आणि पेशी दुभंगते. त्या रिसेप्टरला अडवणारे औषध आहे, हेही वाचले. झाले! डॉक्टरीणबाईंपुढे मी युक्तिवाद मांडला: गाठीवर रिसेप्टर आहेत, औषध रिसेप्टरना अडवते, तेव्हा औषध दिलेच पाहिजे.

त्या म्हणाल्या, "सर, गाठीच्या जनुकांचा रिपोर्ट आलाय. रास नावाच्या जनुकात बदल आहे. हे औषध यांना लागू पडणार नाही."

मला पटले नाही. दुसरे मत, तिसरे मत असे करत तीन आठवडे तुला शहरभर फिरवले, आणि ठरलेली केमो तेवढी लांबली.

आठवते ना, द्वारका चौकात रिक्षा अडकली होती? तू पोट आवळून बसलेला; मी तिथेही वाद घालत होतो. तू मधेच म्हणालास, "अण्णा, वाफ्याचं दार मी चिखलानं गच्च बंद केलं, तरी वाफा भरतोय. काय म्हणाल तुम्ही?"

"दार नीट लागलं नाही म्हणेन."

"नाय ना! घुशीनं बांध पोखरलाय. दारावर किती बी चिखल थापा, पाणी बिळातून येणारच. ती बाई तेच सांगतीये. घूस बांधात हे."

रिक्षावाला मागे वळून तुला म्हणाला, "काका, तुम्ही डॉक्टर व्हायला पायजे होतं."

"हुशार आमचे अण्णा. मी आपला फुलवाला," म्हणून तू हसलास. इतके दुखत असताना!

तू तंतोतंत बरोबर होतास. रिसेप्टर अडवून काय उपयोग? त्याच्या आतला निरोप्या, तो रासच, बिघडला होता. बाहेरून आज्ञा नसतानाही तो 'वाढ, वाढ' म्हणत राहिला. "तुझं बरोबर आहे." तीन शब्द! ते मी रिक्षात बोललो नाही, पुढेही नाही. दसऱ्याच्या झेंडूची तोडणी सुरू होण्याआधी तू गेलास.

आज सागरला म्हणालो, "गुरुवारी दुर्बिणीची तपासणी करून घेऊ."

"बाबांनी सगळं केलं. काय झालं?"

"त्यांना उशीर झाला होता."

"आन् तुम्ही केली का? भाऊ आन् मुलगा, दोघांनी करा म्हणल्या होत्या डॉक्टरीणबाई. चिठ्ठी तुमच्याकडंच होती."

ती चिठ्ठी अजून माझ्या पुस्तकात खुणेसाठी घातलेली आहे, दत्तू. दोघांचीही नावे आहेत तिच्यावर. मला भीती वाटली. याहून बरे कारण माझ्यापाशी नाही.

रक्त म्हणजे कर्करोगच, असे मी म्हणणार नाही. ती तीच चूक उलट्या बाजूने होईल. मूळव्याध असेलही. असू दे रे! पण पाहिल्यावाचून हे कोणी ठरवायचे? पुन्हा मी? तुझ्याच चेहऱ्याचा तो पोरगा माझाच शब्द माझ्यापुढे धरून उभा आहे, आणि मला तो शब्द परत घेता येत नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा मी इथे धडधाकट बसलो आहे, मग हे दुखणे त्याला का?

वचन देतो. उद्या सकाळी घरातल्या सगळ्यांसमोर सागरला सांगेन, की तुझ्या वडिलांच्या बाबतीत माझे चुकले. चूर्णाचा डबा मी आजच उचलून आणला आहे. गुरुवारच्या दोन वेळा घेतल्या आहेत, पहिली माझी. तपासणीनंतर गुंगी असते, सोबत माणूस लागतो. त्याला म्हणेन, मला घेऊन चल. आणि तिथवर येऊनही तो नाही म्हणाला, तर वाद घालणार नाही, दत्तू. पुतण्यापुढे हात जोडेन.

तुझं बरोबर होतं.

तुझा,
अण्णा