तुमच्या भिवया मी भोपळ्यात कोरल्या

आप्पाकाका,

तुमच्या नावाआधी ‘प्रिय’ लिहायला गेले आणि पेन तिथेच थांबलं. राहू दे.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. सकाळी सुधीरदादाचा फोन आला. म्हणाला, “नीलम, उद्या गावातली माणसं जमतील. बाबांबद्दल दोन शब्द बोलशील ना?” मी नाही म्हटलं. दोन शब्दांवर माझं भागणार नाही, आणि जे बोलेन ते ऐकून काकीला जेवण जाणार नाही. काकीवर माझा राग नाही. राग तुमच्यावर आहे, म्हणून तुम्हालाच लिहितेय. जिवंतपणी तुम्ही माझं एक वाक्य पुरं ऐकून घेतलं नाहीत. आता कुठे उठून जाल?

आई समोर बसून कुळीथ निवडतेय. मघाशी तिने विचारलं, “कोणाला गो लिहितेस एवढं?”

“आप्पाकाकांना.”

तिने सूप खाली ठेवलं. “मेलेल्या माणसाशी काय भांडतेस?”

“ते जिवंत होते तेव्हा तू भांडू दिलं नाहीस.”

ती पुन्हा खडे वेचायला लागली.

बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. तुम्ही आम्हा दोघींना पावसजवळच्या आपल्या घरी घेऊन आलात. पोटभर जेवायला घातलंत, शाळेत घातलंत. खोटं कशाला बोलू? आणि घराच्या त्या लांब पडवीत तुमची दुसरी शाळा होती, गणपतीची. पावसाळा लागला की ओल्या शाडूचा वास माजघरापर्यंत यायचा. आसपासच्या वाड्यांतले लोक आपापला पाट आणून ठेवायचे, आणि त्या पाटावर तुम्ही त्यांचा गणपती बसवायचात. पाटांची उतरंड छताला टेकायची. केवढा मान होता तुम्हाला!

मला आधी उंदीर करायला दिलेत. मग मोदक. मग सोंडेची वळी, मग हातांची बोटं. एकदा तुम्ही एक सुटा हात उचलून उजेडात धरलात आणि विचारलंत, “कोणी केलान हा?” मी घाबरत म्हटलं, “मी.” तुम्ही तो हात फिरवून फिरवून बघितलात. म्हणालात, “तुझ्या बापाचा हात आलाय गो तुझ्यात.”

त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं उड्या मारत होते. आठवतं तुम्हाला? की सोयीने विसरलात?

सोळाव्या वर्षी मी अख्खा गणपती केला. फूटभर उंचीचा, मांडी घातलेला, मान जराशी डावीकडे कललेली, जसं लहान मूल आईचं बोलणं ऐकतं तशी. कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही जेवून आडवे व्हायचात त्या वेळेत आठ दुपारी मी तो केला. अजून ओला होता तेव्हाच पलीकडच्या वाडीतले गुरुजी पाट घेऊन आले. बाकीचे सगळे सोडून त्याच्यासमोर उभे राहिले. “आप्पा, यंदा हा आमचा. काय मान वळवलीय! कोणाचा हात?”

आणि तुम्ही म्हणालात, “सुधीरचा.”

सुधीरदादा खाली बघत होता. त्याला साधा उंदीर जमत नव्हता! मी म्हटलं, “गुरुजी, मी केलाय.”

गुरुजी हसले, तुमच्याकडे बघितलं, छत्री उघडून निघून गेले. ते अंगणाच्या बेड्याबाहेर, फाटकापलीकडे जाईपर्यंत तुम्ही थांबलात. मग आलात, दोन्ही तळवे माझ्या गणपतीच्या दोन्ही बाजूंना लावलेत आणि दाबलेत. मला वाटलं होतं आवाज होईल. ओल्या मातीचा आवाजच होत नाही, आप्पाकाका. नुसती मान खाली गेली.

“बाईच्या हातचा देव कोण न्हेणार घरात? उद्या पाट कमी झाले तर काय खाशील?” असं म्हणालात, आणि मग सुधीरदादाला, “मळ रे ती माती परत.” आणि मला, “आजपासून मातीला हात लावायचा नाय.”

आई दारात उभी होती. तिने सगळं बघितलं. दुपारी तिने तुम्हाला पान वाढलं, भात वाढला, वरून तूपही वाढलं. मला तेव्हा तुमच्याइतकाच तिचाही राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने ट्रंक भरली, आणि आम्ही दोघी पहिल्या एसटीने रत्नागिरीत आलो. कुठे जायचं हे तिलाही माहीत नव्हतं. तुम्ही लोकांना सांगितलंत की पोरीच्या शिक्षणासाठी गेल्या. किती सहज खोटं बोलायचात हो तुम्ही!

आईला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं आणि कॉलेज सुटलं की मीही तिथेच. काकड्या-गाजरं कापायची, टोमॅटोची फुलं करून ताटांच्या कडेला लावायची. एके दिवशी लग्नाच्या पार्टीसाठी पोतंभर लाल भोपळे आले. मी सुरी घेतली तर आचारी ओरडला, “थांब! अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईने नाय लावायची. पुरुषमाणसाला बोलाव.”

घरीही तसंच होतं ना? काकी भोपळा तुमच्यापुढे आणून ठेवायची, तुम्ही एक घाव घालायचात, मग ती चिरायची. त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे तुमचे दोन तळवे आले. मी आचाऱ्याकडे बघत सुरी मुठीपर्यंत भोपळ्यात खुपसली. आचारी पुढे महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मी मात्र त्याच भोपळ्यावर एक चेहरा काढला. तुमचा.

भोपळ्याची साल निबर. सुरी अडकली की मनगट दुखावतं. पण साल निघाली की आतला गर मातीसारखा वागतो. वर फिका, आत गेलात की केशरी, आणखी आत गेलात की जवळजवळ लाल. एकच फरक. मातीत चुकलं तर परत लावता येतं, इथे काढलेला तुकडा गेला तो गेला. म्हणून माझा हात तुमच्यापेक्षा पक्का झाला. हे मी गर्वाने लिहितेय. वाचा.

लग्नं, मुंजी, साठीशांती, किनाऱ्यावरच्या हॉटेलांतली जेवणं. लोक नाव घेऊन बोलवायला लागले. मोर, घोडे, नवरा-नवरीचे चेहरे. एका आंबा बागायतदाराच्या पंच्याहत्तरीला मी त्यांचा चेहरा एवढा हुबेहूब कोरला की त्यांच्या बायकोने भोपळ्याच्या कपाळावर आलेली माशी पदराने हाकलली. तुम्हीही होतात त्या जेवणाला. मी खांबामागे उभी राहून तुमच्याकडे बघत होते. तुम्ही जवळ गेलात, वाकलात, कानाची पाळी बघितलीत. यजमान म्हणाले, “तुमच्या पुतणीचं काम, आप्पा.” आणि तुम्ही पाणी पिऊन म्हणालात, “भाजी कोरते ती. मूर्तिकार नव्हे.”

लोक हसले.

त्या हसण्यामुळे मी शिल्पकलेची पदविका केली, ठाऊक आहे? तिशी उलटल्यावर, पोरासोरांबरोबर बसून! प्लास्टर, फायबर, साचे, सगळं शिकले. त्यानंतर दुबईच्या एका हॉटेलाने बोलावलं. तिकडे ऑक्टोबर संपता संपता भोपळ्यांवर भुतांची तोंडं कोरतात आणि आत दिवा ठेवतात. चार वर्षं जात होते. शेकड्यांनी भुतं कोरली मी, आणि प्रत्येक भुताला तुमच्या भिवया दिल्या, मध्ये जुळलेल्या, टोकाला वर गेलेल्या. परदेशातली पोरं तुम्हाला बघून किंचाळायची. मी दिवसभर खूश असायचे!

मग तुमच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात थरथरायला लागला. गणपतीला दहा दिवस राहिले असताना तुम्ही रिक्षा करून माझ्याकडे आलात, सुधीरदादाच्या खांद्याला धरून. मी भोपळा कोरत होते. तुम्हाला खुर्ची दिली आणि कोरत राहिले. अर्धा तास. मुद्दाम.

शेवटी तुम्हीच म्हणालात, “साठ मूर्ती रंगवून बसल्यात. डोळे तेवढे राह्यलेत.”

“बरं.”

“सुधीरला नाय जमत. तू ये.”

काय सांगू, माझी सुरी थांबली. पंचवीस वर्षं मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होते. तुम्ही तिथेच गप्प बसला असतात तर मी तशीच उठून तुमच्या रिक्षात बसले असते, हे आज तुम्हाला सांगते. पण तुम्ही पुढे बोललात. “कोणाला सांगू नको पण. मागल्या दाराने ये. पुढलं दार लावून घेऊ.”

मी म्हटलं, “पुढलं दार उघडं ठेवा. बाहेर पाटीवर माझं नाव लिहा. लगेच येते.”

तुम्ही सुधीरदादाकडे बघितलंत, मग जमिनीकडे. “ते नाय जमायचं.”

“मग मलाही नाही जमायचं. सुधीरदादा आहे ना! गुरुजींचा गणपती त्यानेच तर केला होता.”

सुधीरदादाने तोंड फिरवलं. तुम्ही उठताना खुर्चीचा हात धरायला गेलात आणि तुमचा हात दोनदा चुकला. मी मदतीला उठले नाही.

डोळे सुधीरदादाने काढले. एक उजवीकडे, एक डावीकडे. लोक काय करणार? देव परत थोडाच करता येतो? नेले मुकाट्याने. त्या वर्षी मी मुद्दाम घरोघरी दर्शनाला गेले. प्रत्येक घरी हात जोडायचे आणि डोळे बघायचे आणि आतून हसायचे. असं वागले मी. लपवत नाही.

फक्त एका घरी एक म्हातारी आजी पाटासमोर बसली होती. मला म्हणाली, “यंदा देव माझ्याकडे बघतच नाय गो. माझं काय चुकलं असंल?”

मला तिथे प्रसाद गिळवला नाही. तुमच्या-माझ्या भांडणात त्या आजीचं काय चुकलं होतं? मी तिच्या पाया पडले आणि खरं काय ते सांगितलं. तिची माफी मागितली. तुमची नाही मागितली, आणि मागणारही नाही.

पुढच्या वर्षी निम्मे पाट दुसऱ्या शाळांत गेले. त्याच्या पुढच्या वर्षी पडवीत सहा मूर्ती होत्या. मार्गशीर्षात तुम्ही गेलात. निरोप आला तेव्हा मी एका लग्नासाठी हंस कोरत होते. मी तो पुरा केला. मग हात धुतले, आणि मग रडले. का रडले, ते तुम्हाला सांगणार नाही.

यंदा शिमगा झाल्यावर गावची चार माणसं आणि सुधीरदादा माझ्याकडे आले. गावाला तुमचा पुतळा हवा होता, छातीपर्यंतचा, देवळाच्या वाटेवर बसवायला. “तुझ्याशिवाय कोणाला जमणार? आप्पांचा चेहरा तुझ्या हातात आहे.” त्यांना कुठे माहीत होतं तो किती भोपळ्यांवर कोरून झालाय!

मी म्हटलं, “करते. फुकट करते. खाली दोन ओळी लिहायच्या, त्या मी सांगेन.” ते आनंदाने हो म्हणून गेले.

मग मी माती आणली. पदविकेच्या वर्गात वापरायचो ती मळकी माती नव्हे, शाडू. तिला हात न लावण्याची तुम्ही घातलेली बंदी इतक्या वर्षांनी तुमच्याच चेहऱ्यासाठी मोडली. पहिल्या दिवशी नाक, दुसऱ्या दिवशी कपाळ. तुमचे गाल माझ्या दोन तळव्यांत होते. नुसतं दाबायचा अवकाश! दाबावंसं वाटलं, आप्पाकाका, खूप वाटलं. नाक वाकडं करावं, डोळे तिरळे करावेत. पण काम वाईट झालं असतं तर तुम्हीच जिंकला असतात. म्हणून मी तुम्हाला चांगलं केलं. सुरकुती न् सुरकुती खरी. काकीने बघितल्यावर डोक्यावर पदर घेतला.

परवा मी त्या दोन ओळी पुतळ्यासाठी जमलेल्या गावच्या मंडळाला दिल्या. ‘हा पुतळा यांच्या पुतणीने, नीलमने घडवला. तिने मातीला हात लावू नये अशी यांची आज्ञा होती.’

एकदम गलका झाला. “मेलेल्या माणसाचा अपमान कशाला? नुसतं नाव घालू तुझं.”

“मग पुतळा घरी घेऊन जाते.”

“गावात शोभा होईल गो!”

“होऊ दे.”

तेव्हा कोपऱ्यात बसलेला सुधीरदादा उभा राहिला. आता त्याचे केस तुमच्यासारखे पांढरे झालेत. तो म्हणाला, “लिहा ते. खरं आहे. गुरुजींनी मागितला तो गणपती हिचा होता. मी नुसती माती मळली.” आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी इतकी वर्षं त्यालाही तुमच्याच रांगेत उभा करत होते. चुकलं माझं. तुम्ही दोन मुलांचे हात मोडलेत. मला एकाचेच दिसले.

अक्षरं काळ्या दगडावर कोरून झालीत. उद्या पडदा निघेल, आणि देवळात जाणारा प्रत्येक माणूस तुमच्या पाया पडायला वाकला की त्याला आधी ती वाचावी लागतील. भोपळा चार दिवसांत नासतो. हा दगड नासणार नाही.

मी माफ केलंय असं समजू नका. आपल्याकडचा पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. दोन पावसाळ्यांत अक्षरांतला पांढरा रंग धुऊन जाईल, त्यांत शेवाळ भरेल, आणि लोक म्हणतील बरं झालं. तसं होऊ देणार नाही. दर वर्षी पाऊस सरला की मी डबा आणि ब्रश घेऊन पुढच्या वाटेने, सगळ्यांच्या देखत गावात येईन. तुमचा चेहरा ओल्या फडक्याने पुसेन, आणि मग खाली बसून एकेक अक्षर पुन्हा रंगवेन. माझा हात थरथरायला लागेपर्यंत येईन. शब्द देते.

नीलम
रत्नागिरी