सुजाताच्या पूर्ण बाह्या

मंगळवार, नाहूर

खूप उशीर झालाय. तरी लिहिते.

दुपारी शेजारची सुजाता माझी नवी रहस्यकथा वाचून गेली. माझ्या कथेतला खुनी ती नेहमी दुसऱ्या पानावरच पकडते. आज म्हणाली, "नवरा त्या बाईला मारणार, याची आधी काहीच चाहूल नाही गं. एखादी खूण ठेव ना, बारीकशी."

"कसली खूण?"

"लेखिका तू आहेस. तू शोध," म्हणून हसली. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून बसली होती. दिसत होतं की मला!

संध्याकाळी भिंतीपलीकडून किंकाळी आली. धावत गेले, तर सुजाताचं दार नुसतं ओढलेलं होतं. तिचा नवरा महेश पोळपाटाने तिला झोडपत होता. ओट्यावर रक्त उडालं होतं. मी कुकर उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. तो कोसळला, तरी पुन्हा हाणला. मला थांबायचंच नव्हतं. खालच्या मजल्यावरच्यांनी धरलं म्हणून थांबले.

हॉस्पिटलात नर्सने तिची बाही कापली. आत जुने, पिवळे पडलेले वळ. रोज बघत होते मी त्या बाह्या. आणि कागदावर खुनी रंगवत बसले होते?

पोलीसबाईंनी विचारलं, "आधी कधी मारलं होतं?"

"नाही, आज पहिल्यांदाच," सुजाता म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात धरून उभी राहिले.

"खोटं बोलले, मॅडम," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मारतो. लिहून घ्या."