माहिती देणार: बहीण

१२ फेब्रुवारी, बुधवार, दुपार

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तू पन्नाशीला टेकलीस तरी आशीर्वादच. चार वर्षं आधी जन्मल्याचा हा एवढाच फायदा माझ्या पदरात पडलाय, तो मी सोडणार नाही. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीक असावं, असं तुझ्या नववर्षाच्या कार्डावरून धरून चालते. त्यात छापील मजकुराखाली फक्त तुझी सही होती, पण सहीवरून प्रकृती उत्तम वाटली.

मोठी बातमी अशी की मला नोकरी लागली. हसून झालं असेल तर पुढे वाच. कॉलेजातला संस्कृत विभाग विद्यार्थ्यांअभावी बंद झाला हे तुझ्या कानावर आलं असेलच. शेवटच्या वर्षी वर्गात तीन मुली होत्या आणि त्यातली एक निव्वळ पंख्याखाली बसायला येत असे. मग मी घरी बसून जुन्या हस्तलिखितांच्या याद्या तपासत होते, तेवढ्यात महानगरपालिकेतून फोन. "तुम्ही कुठलंही अक्षर वाचता असं ऐकलंय. डॉक्टरांचं वाचाल का?"

तर सध्या मी 'नागरी सुरक्षा व हिंसा-प्रतिबंध अभ्यास कक्षा'त वाचक आहे. कक्षाच्या नावाची पाटी दाराहून रुंद आहे, त्यामुळे ती जिन्यात लावली आहे. आमच्या डाव्या हाताला जन्ममृत्यूची नोंदणी आणि उजव्या हाताला कुत्र्यांचे परवाने. चुकून आमच्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात रडणारं काहीतरी असतं आणि निम्म्यांच्या हातात भुंकणारं.

काम असं. शहरात कुठे, केव्हा, कोण कुणावर हात उगारतं याचा नकाशा काढायचा, म्हणजे तिथे दिवा, गस्त, समुपदेशक, जे लागेल ते वेळेआधी पोचवता येतं. पोलिसांच्या नोंदींवरून काढलेला नकाशा फार सुंदर आहे. त्यात आपलं शहर म्हणजे तपोवन दिसतं. रुग्णालयाच्या अपघात विभागात मात्र त्याच तपोवनातल्या ऋषींना रोज टाके पडतात. म्हणून दोन्हीकडच्या नोंदवह्या शेजारी ठेवून मी पाठभेद काढते. तीस वर्षं पोथ्यांचं जे केलं तेच. फरक एवढाच की इथले लेखनिक हयात आहेत आणि चुका दाखवल्या की चिडतात.

आमच्या मुख्य संशोधक माझ्याहून वीस वर्षांनी लहान. शिपाई त्यांना मागे आकडेबाई म्हणतो, मी समोर म्हणते. गेल्या महिन्यात त्या म्हणाल्या, "पंडितबाई, या एका वस्तीत वर्षभरात एकतीस माणसं जिन्यावरून पडलीत."

"पडतात हो माणसं."

"वस्ती बैठी आहे. एकमजली."

आम्ही दोघी जाऊन पाहून आलो. सत्तरेक खोल्या, वर पत्रे. सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. दारात बसलेल्या एका आजींना मी विचारलं, इथे जिना कुठे आहे हो? आजी म्हणाल्या, "जिना असता तर वर नसतो का राहायला गेलो?"

म्हणजे जिना फक्त नोंदवहीत आहे, आणि त्यावरून आठवड्याला अर्धं माणूस पडतं. मग आम्ही शेवटचा रकाना बघायला लागलो. 'माहिती देणार.' तिथे जखमी माणूस क्वचितच सापडतो. तिथे असतात नवरा, दीर, भाऊ, शेजारी. जो घेऊन आला तो सांगतो, डॉक्टर लिहितात, आणि ज्याला लागलंय तो कापूस धरून गप्प बसतो.

आता एक गंमत. दहा वर्षांच्या वह्या चाळताना परवा तुझी नोंद सापडली! सात वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. 'कपाटावरून जड पुस्तक पडले. डावी भुवई, चार टाके. माहिती देणार: बहीण.' ओळखीच्या माणसाची नोंद निघाली तर ती दुसऱ्याकडे द्यायची असा आमचा नियम आहे, म्हणून मी ती आकडेबाईंना दिली. त्यांनी पुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं.

"कपाटावरून पडलेलं पुस्तक टाळूवर लागेल. भुवईवर कसं लागलं?"

"वर बघत असेल," मी म्हटलं.

"तुमच्या कोण या?"

"लांबच्या." तू तीनशे मैलांवर राहतेस, तेव्हा हे अगदीच खोटं नाही.

तर बारके, बाबांचा संस्कृत कोश घसरला होता एवढं दोन ओळींत कळवशील? म्हणजे ते प्रश्नचिन्ह पुसून टाकता येईल. आकडेबाईंना कागद लागतो. उत्तर सवडीने दे, पण दे.

तुझी
ताई


३ मार्च, सोमवार, दुपार

प्रिय बारके,

तुझं कार्ड आलं. सात वर्षांत तू मला लिहिलेलं हे सगळ्यात लांब पत्र, म्हणून अख्खं उतरवून ठेवते: 'कोश घसरला होता का? बरं. टाके पाच होते.'

मी नोंदवही पुन्हा उघडली. पाचच आहेत. डॉक्टरांचे चार आणि पाच सख्ख्या भावांसारखे दिसतात हे खरं, पण आयुष्यभर अक्षरं लावणाऱ्या बाईने नेमका स्वतःच्या बहिणीच्या भुवईवर एक टाका कमी वाचावा, याला डॉक्टर काय करणार!

तुझं कार्ड मी पर्समध्ये ठेवलं आणि आठवडाभर त्याला हात लावला नाही. मग गुरुवारी बैठक झाली. ती आधी सांगते, कारण ती सांगायला सोपी आहे.

आमची शिफारस एकाच वाक्याची होती. अपघात विभागात जखमी माणसाला आधी विचारायचं, आणि एकट्याला विचारायचं. घेऊन येणाऱ्याला तेवढा वेळ दुसऱ्या खिडकीवर कागद भरायला पाठवायचं. टेबलाभोवती रुग्णालयाचे अधीक्षक, एक पोलीस अधिकारी, काही नगरसेवक आणि अपघात विभागाच्या मुख्य परिचारिका. मी भिंतीलगत, चहाच्या थर्मासशेजारी. वाचकाला टेबल नसतं.

अधीक्षक म्हणाले, "अहो, सभ्य घरातली माणसं आपल्या माणसाला जिवाच्या आकांताने घेऊन येतात, आणि आम्ही त्यांना बाहेर काढायचं? आणणारा खोटं सांगतो याला पुरावा काय?"

आकडेबाईंनी जिन्यांचं सांगितलं.

"एका वस्तीवरून शहराची परीक्षा करू नका. हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढची बैठक म्हणजे काय ते मला एव्हाना कळलंय. रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय तीन वर्षं पुढच्या बैठकीत आहे. आकडेबाईंनी फाइल मिटायला घेतली. त्यांचा चेहरा अगदी तुझ्यासारखा झाला, म्हणजे ओठ आवळलेले आणि डोळे कोरडे. आणि मी उभी राहिले. कप हातातच होता.

"मी सांगितलं होतं खोटं."

"कोणी?" अधीक्षकांनी विचारलं. त्यांना भिंत बोलल्यासारखं वाटलं असणार.

"मी. तुमच्याच रुग्णालयात. मी सभ्य घरातली आहे, जन्मभर संस्कृत शिकवलंय. बहिणीला जिवाच्या आकांताने घेऊन आले होते. आणणारी मीच, मारणारीही मीच, आणि माहिती देणारीही मीच."

 पोलीस अधिकाऱ्यांनी, निव्वळ सवयीने, विचारलं, "तक्रार दाखल झाली होती का?"

"नाही."

"मग आमच्याकडे नोंद नसेल."

"तेच तर सांगतोय आम्ही!" आकडेबाई जवळजवळ ओरडल्या.

तेव्हा मुख्य परिचारिका पहिल्यांदा बोलल्या. "मला विचाराल तर आम्हाला रोज कळतं. जखम बघितली की कळतं. पण ते लिहायला कागदावर जागाच नाही."

आता जागा आहे. आधी तीन महिने एका रुग्णालयात करून बघायचं ठरलं, आणि नव्या कागदावर एक रकाना वाढला: 'जखमीचे स्वतःचे शब्द.' बाहेर आल्यावर आकडेबाईंनी मला मिठी मारली. वर ऐकवलं, "लांबच्या म्हणे! तुमच्या बहीणबाईंना माझा नमस्कार कळवा, आणि प्रश्नचिन्ह माझं होतं हेही कळवा." कळवलं.

झाली बैठक. आता अवघड भाग.

तो कोश घसरला नव्हता, बारके. मी फेकला होता.

हे तुला सांगायला पत्र कशाला, तू समोरच उभी होतीस. पण गुरुवारपर्यंत मी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं, मलासुद्धा नाही. बाबा गेल्यावर आपण त्यांची इथली खोली आवरत होतो. मी पुस्तकांची यादी केली होती, कुठलं कुणाकडे जाणार याची, कंसात आवृत्तीचं वर्ष घालून. तू यादी बघितलीस आणि म्हणालीस, "दोन वर्षं मी त्यांना उठवलं, बसवलं, पुसलं. तू महिन्याने एकदा यायचीस, आणि आलीस की त्यांच्याशी समासांवर बोलायचीस. यादी तरी मला करू द्यायचीस."

आवाजसुद्धा चढवला नव्हतास. चढवला असतास तर मला भांडता आलं असतं. तू म्हणालीस ते शब्दन्‌शब्द खरं होतं. हातात फक्त पहिला खंड होता.

मग रिक्षा, तुझा पदर लाल झालेला, आणि खिडकीवर डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?" तू तोंड उघडत होतीस. मी पाहिलं होतं ते. त्याआधीच मी म्हटलं, "कपाटावरून पुस्तक पडलं." तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि तोंड मिटलंस. ते तू मान्य केलंस असं मी सात वर्षं समजत आले. आता इतक्या वह्या वाचल्यावर कळतंय की तो कापूस धरून गप्प बसलेला माणूस काहीच मान्य करत नसतो. त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

रागाच्या भरात फेकलं त्याची क्षमा मागायची तर कदाचित सोपं होतं. पण मी तुझ्या जागी बोलले. तुझ्या जखमेची हकिगत तुझ्याकडून काढून घेतली आणि तिला बरं व्याकरण दिलं. आणि गंमत बघ, गुरुवारी पुन्हा तेच केलं! तुला न विचारता तुझी भुवई भर बैठकीत वापरली. कारण चांगलं होतं. कारण माझ्याकडे दर वेळी चांगलंच असतं.

म्हणून आता विचारते. बैठकीच्या इतिवृत्तात एक ओळ आली आहे, 'उपस्थित वाचक महिलेने स्वानुभव कथन केला.' नाव नाही, गाव नाही. पण वीस तारखेला इतिवृत्त कायम व्हायचंय, आणि तू नको म्हणालीस तर ती ओळ निघेल. आकडेबाईंना मी सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, रकाना राहतो, ओळ गेली तरी चालेल. तू म्हणशील तसं.

कोशाची वाटणी तुला आठवत असेल. त्या दिवशी टाके घालून आल्यावर तू काही न बोलता पहिला खंड काखेत मारलास आणि गाडीत बसलीस. पुरावा जप्त करणं यालाच म्हणतात, हे मला कक्षात आल्यावर समजलं. तेव्हापासून अ ते न तुझ्याकडे आणि प ते ह माझ्याकडे. त्यामुळे 'अपराध' तुझ्या घरी, 'क्षमा'ही तुझ्याच घरी, कारण संस्कृत कोशात क्ष हा क च्या पोटातच येतो. माझ्याकडे 'पश्चात्ताप' आहे, तो मी बऱ्याचदा उघडून बघते. चांगला अर्धा रकाना दिलाय.

सोबत नव्या कागदाची एक प्रत पाठवते. वरचा भाग मी भरलाय: जखम, डावी भुवई; टाके, पाच. 'घेऊन येणारी व्यक्ती' या ठिकाणी माझी सही आहे. 'जखमीचे स्वतःचे शब्द' याच्यापुढे दहा ओळींची जागा आहे. मी त्यात काही सुचवणार नाही, शुद्धलेखनही तपासणार नाही. दहा ओळी पुरल्या नाहीत तर मागची बाजू कोरी आहे. तीही पुरली नाही तर स्वतः ये. मधल्या खोलीत तुझ्यासाठी पलंग आहे, खिडकी पूर्वेची आहे, आणि मी हल्ली ऐकायचा पगार घेते. येताना पहिला खंड घेऊन ये. तो तुझ्याच हातात राहू दे, मी दोन हात लांब बसेन.

आणि काहीच लिहावंसं वाटलं नाही, तर कागद तसाच कोरा परत पाठव. तेही तुझेच शब्द धरीन.

जिच्या हातून त्या दिवशी काहीही निसटलं नव्हतं ती,
तुझी ताई