तिसऱ्या बेसवर उभं राहण्याआधी

मी, धैर्यशील बाळासाहेब मोहोड, धंदा बेसबॉल, राहणार मनुरेवा, ऑकलंड, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. एकोणतिसाव्या वर्षी कोण करतो?

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी विनिता हिला. वडील बाळासाहेब यांना मागची खोली हयातभर वापरू द्यावी.

२. माझे ग्लव्ह मुलगी ईशा हिला. अमरावतीत सॉफ्टबॉल खेळणारा मी २०११ साली इथे शिकायला आलो आणि बेसबॉलचा पगारी खेळाडू झालो. संघात स्वतःची जागा मात्र कधी मिळाली नाही. दुसरा बेस, तिसरा बेस, नाहीतर त्या दोहोंमधला शॉर्टस्टॉप. ज्याला दुखापत होईल त्याच्या जागी मी. कुणी लंगडत बाहेर येऊ लागला की माझा हात आपोआप ग्लव्हकडे जाई. पुढे त्या हाताचीच मला भीती वाटू लागली.

३. गेल्या महिन्यात सरावात चेंडू कानशिलावर बसला. डॉक्टरीणबाईंनी स्कॅन समोर ठेवून सांगितले, "पुन्हा मार बसला तर माझ्या हातात काही राहणार नाही." मी स्कॅन कोचकडे नेला. त्याने स्कॅनचे पाकीट उघडलेच नाही. म्हणाला, "थर्ड बेस इज योर्स, मेट. अख्खा सीझन." उद्या पहिला सामना. काही झालेच, तर या माणसाला माझ्या अंत्यविधीला येऊ देऊ नये.

४. मला यंत्रांवर ठेवावे लागल्यास ती बंद करण्याचा निर्णय एकट्या विनिताचा. वडिलांना विचारू नये. ते "अजून थांबा" एवढेच म्हणत राहतील. त्यांना स्कॅनचे ठाऊक नाही. विनिताला आहे. काल ती म्हणाली, "मी येणार नाही. तुला पडताना बघायला मला बोलावू नकोस." ईशा दारातून म्हणाली, "बाबा, जस्ट डोंट गो." दोघींना माझे उत्तर इथे लिहितो: मी जाणार आहे. ती जागा माझी आहे.

मनुरेवा, २२ नोव्हेंबर २०१९
(सही) धैर्यशील मोहोड

आम्हा दोघा शेजाऱ्यांसमक्ष सही केली:
(सही) प्रमोद राजूरकर
(सही) सुलेखा राजूरकर

माझ्या हातची नोंद: सही करण्याआधी धैर्यशील मला म्हणाले, "सुलेखाताई, जरा दिवा लावता का?" दुपार होती. खिडकीतून ऊन थेट कागदावर पडले होते. मी विनिताला फोन करून ताबडतोब घरी बोलावले आहे. — सु. रा.